डाव्या टोकाच्या गाठी

मथुराअक्काने डगल्याच्या बाहीवर हात ठेवला, तेव्हा पेटीचे काचेचे झाकण अजून बसायचे होते. राजाजीनगरातल्या आमच्या मराठी समाजाच्या सभागृहात रविवारी वस्तुसंग्रहाचे उद्घाटन होते. बुधवारी सकाळी मी अक्काला, माझ्या वडिलांच्या धाकट्या बहिणीला, ऑटोतून तिथे घेऊन गेलो होतो, तेही तिने चार दिवस हट्ट धरला म्हणून. मांडणीसाठी पुण्याहून बोलावलेला प्रणीत नावाचा तज्ज्ञ पाठीमागून आला आणि रुग्णालयात बोलतात तशा मऊ आवाजात म्हणाला, "आजी, प्लीज, हात नका लावू. आर्टिफॅक्ट आहे तो."

"काय आहे?"

"आर्टिफॅक्ट. म्हणजे मानवनिर्मित वस्तू. माणसानं केलेली."

"कुठल्या माणसानं?"

प्रणीत हसला. "ते आता कोण सांगणार, आजी? साडेतीनशे वर्षं झाली."

"साडेतीनशे कुठली? पंचावन्न झाली असतील," अक्का म्हणाली. "मीच केलाय की हा."

तिने हात उचलला नव्हता. तो डावा हात होता. प्रणीत पुन्हा हसला, समाजाचे अध्यक्ष रणवीर हसले, भिंतीला पाट्या लावणारे दोघे शिडीवरून हसले. आणि मीही हसलो. मी किती मोठ्याने हसलो हे मला नीट आठवते, कारण माझे हसू सर्वांच्या नंतर थांबले. थांबल्यावर लक्षात आले की माझ्या कोटाच्या खिशात त्याच डगल्याची पाटी आहे, मी स्वतः लिहिलेली, छापून आलेली: "कापूस भरलेला लष्करी डगला. सतरावे शतक, पूर्वार्ध. खंडोजी यांच्या घराण्यातून. कर्ता अज्ञात." अक्का माझ्याकडे पाहत होती. ती रागावलेली नव्हती. एखादे शहाणे मूल पाहुण्यांसमोर खोटे बोलले की घरातली बाई जशी त्याच्याकडे पाहते, तशी ती पाहत होती.

परतताना ऑटोमध्ये मी त्या शब्दावर रागावत बसलो. शब्दावर रागावणे ही माझ्यासारख्या माणसांची सोय आहे. तीस वर्षे सरकारी महाविद्यालयात इतिहास शिकवल्यावर माणसांवर रागावण्याची शक्ती उरत नाही, आणि शब्द उलट उत्तर देत नाहीत. मानवनिर्मित. काय भव्य शब्द आहे. त्यात मानव आहे आणि माणूस नाही. हा मानव कधी जन्मला नाही, त्याला सर्दी झाली नाही, सुई बोटात गेली नाही, त्याचा डावा हात उजव्यापेक्षा चलाख नव्हता. पुरातत्त्वाच्या सगळ्या पुस्तकांतून तो मडकी घडवतो, मणी विंधतो, कापड विणतो आणि पान उलटले की अदृश्य होतो. त्याने नाव मागावे इतका असभ्य तो नाही. आर्टिफॅक्टच्या मुळातल्या लॅटिन शब्दाचा अर्थ कौशल्याने केलेले, एवढाच आहे. केलेले म्हटले की कोणी केले हा प्रश्न घरातले पोरही विचारते. आम्ही तो विचारायचा नाही असे ठरवले आणि त्या ठरवण्याला शास्त्र असे नाव दिले. आपल्याकडे याहून जुना एक शब्द होता, कृत्रिम. त्याचाही अर्थ केलेले, एवढाच. धर्मशास्त्रात पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत, त्यात कृत्रिम पुत्रही आहे. पोटचा नव्हे, केलेला, आणि तरी पुत्र. मग हळूहळू तो शब्द दातांना लागला, फुलांना लागला, हसण्याला लागला. माणसाने केले म्हणजे खोटे, इतकी आमची माणसाबद्दल श्रद्धा. आता खोटे ते कृत्रिम आणि खरे ते मानवनिर्मित, आणि या दोहोंत फरक एकच: खऱ्याचा कर्ता मेलेला असावा लागतो. जिवंत असून ती हात लावायला आली, की वस्तू बिघडते.

ऑटो चामराजपेटेत शिरला. अक्काने चालकाला कन्नडमध्ये डावीकडे घे म्हणून सांगितले आणि मला म्हणाली, "तू त्यावर पुस्तक लिहिलंयस म्हणे. आहे घरात?"

"आहे. इंग्रजीत आहे, अक्का."

"असू दे. तू वाच, मला आपल्या भाषेत सांग."

माझी आई मला जन्म देऊन गेली. मी चार वर्षांचा होईपर्यंत मला अक्काने वाढवले, आणि मग तिचे लग्न होऊन ती संडूरला गेली. त्या चार वर्षांतले मला फार थोडे आठवते, आणि जे आठवते ते बोटांना आठवते. माझ्या गोधडीच्या एका कोपऱ्यात, आत, एक जाडसर ढेकूळ होते. झोप येईपर्यंत ते मी अंगठा आणि तर्जनी यांमध्ये धरून फिरवत असे. ते बाहेर काढता येत नसे आणि त्याचा आकारही नक्की कळत नसे. ते तिथे आहे एवढे कळले की पुरत असे. पुढे मी वसतिगृहात गेलो, मग पुण्याच्या ग्रंथालयात, मग दोन वर्षे लंडनला. तिथल्या विकत घेतलेल्या पांघरुणांच्या कोपऱ्यांत माझी बोटे कितीतरी दिवस काहीतरी शोधत राहिली. ते काय होते हे मी स्वतःला कधी विचारले नाही. सतराव्या शतकातल्या घोड्यांच्या किमती मला तोंडपाठ होत्या.

डगला मला एकाहत्तर साली सापडला, वडील वारल्यावर दोन वर्षांनी, त्यांच्या पत्र्याच्या पेटीत. वडील विठोजी, माझे दादा, त्याला खंडोजीबाबांचा डगला म्हणत. खंडोजी हे आमचे मूळ पुरुष, शहाजीराजांच्या फौजेबरोबर या गावात आले आणि राहिले, अशी घरातली परंपरा. परंपरेवर विश्वास न ठेवण्याचे शिक्षण मी परदेशात घेतले होते; म्हणून मी शास्त्रीय पद्धतीने विश्वास ठेवायचे ठरवले. डाव्या काखेखालची शिवण पात्याने दोन इंच उसवली. आत, कापसाच्या मधोमध, तळहाताएवढा जाड विणीचा तांबडा कपडा सापडला. त्याचा एक तुकडा मी एका प्रयोगशाळेला पाठवला, एक लंडनच्या एका वस्त्रतज्ज्ञाला. दोघांनीही कळवले: सूत हातचे, रंग वनस्पतीचा, वीण सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातली असण्याचा दाट संभव. बाहेरचे कापड मात्र उघडच गिरणीचे होते, आणि ही अडचण मी एका तळटीपेत मिटवली. शिवाय एक शोध लावला. डगल्यावर धावदोऱ्याच्या शेकडो ओळी आहेत, आणि प्रत्येक ओळीची सुरुवातीची गाठ डाव्या टोकाला आहे. जगातला शिंपी उजवीकडून सुरू करतो. हा डावीकडून करत होता. यावरून मी असे मांडले की दक्षिणेतल्या मराठी फौजांबरोबर लष्करी शिंप्यांचा एक स्वतंत्र संप्रदाय आला असावा. हा सिद्धांत तीन ठिकाणी उद्धृत झाला. एका जर्मन विदुषीने तो आणखी पुढे नेऊन त्या संप्रदायाच्या स्थलांतराचा नकाशा काढला. नकाशात बाण होते.

चामराजपेटेतल्या तिच्या दोन खोल्यांपैकी बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी शिवणाचे यंत्र आहे. नवरा गेल्यावर अठ्ठ्याऐंशीत ती संडूरहून इथे परतली, तेव्हापासून शेजारणींच्या चोळ्या शिवत असे. गेल्या वर्षापासून हात कापतो म्हणून यंत्रावर चादर घातलेली. मी जवळच, पाच मिनिटांवर राहतो. पुस्तिका घेऊन आलो तेव्हा तिने कॉफी करून ठेवली होती. ती जमिनीवर बसली, मी खुर्चीवर बसलो, आणि मी वाचू लागलो. वाचणे म्हणजे इंग्रजी डोळ्यांनी घ्यायचे आणि मराठी तोंडाने द्यायचे. या कामात माझा कोणी हात धरणार नाही, म्हणून मी सफाईने पुढे चाललो होतो, आणि त्या तळटीपेपाशी आलो.

"बाहेरचे कापड उत्तरकालीन असून," मी म्हणालो, "ते नंतरच्या काळात झालेल्या दुरुस्तीचे असावे." आणि पान उलटले.

"थांबलास," अक्का म्हणाली.

"नाही."

"थांबलास रे. दुरुस्तीच्या आधी काहीतरी होतं, ते गिळलंस. काय आहे तिथं?"

मी कॉफीचा पेला उचलला आणि परत ठेवला. "निकृष्ट," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे... हलक्या प्रतीची. हलक्या प्रतीची दुरुस्ती."

तिने मान हलवली. चोळी घट्ट झाली असे गिऱ्हाईक म्हणाले तर हलवत असेल तशी. "मांजरपाट होतं ते. लढाई चालू होती, दुसरं मिळेना. त्याला काताच्या पाण्यात दोनदा घातलं, तेव्हा कुठं जुन्यासारखं दिसायला लागलं. कापूस आजोबांच्या गादीतला. दसऱ्याच्या मिरवणुकीत आपल्या लोकांचा देखावा होता, तुझा बाप घोड्यावर बसायचा होता. अठरा वर्षांची होते मी. सगळा श्रावण मांडीवर तो डगला, आणि बाजूला तू. तू सारखी गाठ ओढायचास. एकदा टाका ओढून काढलास, म्हणून हातावर चापट मारली. मग मीच रडले."

"दादांनी कधी सांगितलं नाही."

"त्यांनी काय सांगायचं? खंडोजीबाबांचा डगला म्हणाले ना? मग सांगितलंच की." माझ्या चेहऱ्यावर काहीच उमटले नसावे, कारण तिने मूर्खाला समजावावे तसे पुढे सांगितले. "आपल्यात नवीन काही जाड शिवलं, गोधडी म्हण, डगला म्हण, पोराची कुंची म्हण, तर पोटात जुन्यातली एक चिंधी घालायची. ती जुनी ज्याची, त्याचं नाव नव्याला लागतं. खंडोजीबाबांच्या डगल्यातली चिंधी, त्यानंतर शिवला त्यात, मग त्यानंतरच्यात, अशी आमच्या आजीपर्यंत आली. आजीचा फाटला, तेव्हा त्यातली मी काढून ह्याच्यात घातली. तुझ्या गोधडीत नव्हती का कोपऱ्यात? तुझ्या आईच्या लुगड्याची घातली होती मी. आईची गोधडी म्हणायचास तू तिला."

माझा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरत होती, आणि ती थांबवायला मला दुसरा हात वापरावा लागला. कितीतरी वर्षे ते ढेकूळ माझ्या बोटांत होते, आणि डगल्यातल्या नेमक्या तशाच ढेकळापाशी पाते घालून मी चिंधी बाहेर काढली आणि तिच्यावरून अख्ख्या डगल्याचे वय ठरवले. हा प्रमाद कोणा जर्मनाने केला असता तर क्षम्य होता. त्याच्या पांघरुणात काही नव्हते. तो मी केला. वनस्पतीचा रंग ओळखणारी माणसे मी दोन खंडांत शोधली. संडूरला दहा पैशांचे कार्ड टाकले नाही. आणि तो संप्रदाय. ती जेवते उजव्या हाताने, कारण लहानपणी तिचा डावा हात पाटाशी बांधून ठेवत. शिवते मात्र डाव्याने, कारण शिवताना कोणी पाहत नसे. नकाशातले ते सारे बाण एका अठरा वर्षांच्या मुलीच्या डाव्या हातातून सुटलेले. प्रयोगशाळेतली माणसे आर्टिफॅक्ट हाच शब्द आणखी एका गोष्टीसाठी वापरतात: जे निसर्गात नसते, पाहणाऱ्याच्या उपकरणाने चित्रात उमटवलेले असते, त्यासाठी. त्या अर्थाने मी एक अस्सल नमुना निर्माण केला होता. त्याचा कर्ता ज्ञात होता.

"मला कुणी विचारलं असतं तर सांगितलं असतं," अक्का म्हणाली. "आता एक कर. पाटीवर माझं नाव घाल. मथुरानं शिवला, एवढंच. स्वल्प लहान अक्षरात घातलंस तरी चालेल."

"एवढं कशाला हवंय, अक्का?" हा प्रश्न मी विचारला. मी विचारला, हे लिहून ठेवले पाहिजे.

तिने डावा हात पुढे धरला. "ह्यानं जन्मभर शिवलं. चोळ्या फाटल्या, झबली फाटली, पोरं मोठी होऊन गेली. एक हा राहिलाय. तुम्ही काचेत घालणार म्हणजे आणखी राहील. त्याच्यावर अज्ञात म्हणून लिहिलंय म्हणे. मी अज्ञात होय रे? ह्या घराच्या पाठीमागच्या घरात जन्मले."

शुक्रवारी सकाळी मी रणवीरांच्या कचेरीत गेलो. रणवीर घरे बांधतात. एचएसआर लेआउटमध्ये त्यांनी नुकतेच आठ प्लॉट घेतले आहेत, आणि त्यांच्या टेबलावर पुठ्ठ्याच्या छोट्या इमारती ठेवलेल्या आहेत, झाडांसकट. माणूस वाईट नाही. त्यांनी माझे सर्व ऐकून घेतले, चहा मागवला, मग प्रणीतला आत बोलावले. प्रणीतने नवी पाटी वाचली: "डगला. १९४१. मथुरा यांनी शिवला. आत खंडोजी यांच्या डगल्यातील चिंधी, परंपरेने." वाचून तो खरोखर हळहळला.

"सर, स्टोरी खूप टचिंग आहे, आय मीन इट. पण मग हा सेंटरपीस राहत नाही ना. नाइन्टीन फॉर्टी-वनचं कॉश्च्यूम आहे मग ते."

"कापड आहे," मी म्हणालो. "त्यात कापूस आहे. माणसाच्या अंगात घालायला माणसाने शिवलेले आहे. परवा तुम्ही ज्याला मानवनिर्मित म्हणालात, त्यातला मानव तुम्हाला सापडला आहे. पुरातत्त्वाच्या इतिहासात हा योग वारंवार येत नाही."

"सर," रणवीर म्हणाले, "आपण सगळे इथलेच. तुमची आत्या ती माझी आत्या. पण लोक काय विचारतात माहीत आहे ना तुम्हाला? शाळेत पोरांना विचारतात, तुम्ही मराठीवाले कधी आलात इथं. साडेतीनशे वर्षं झाली म्हणून सांगतो आम्ही. काय पुरावा? तर तुमचा डगला. तुमचंच पुस्तक. आता तुम्हीच म्हणता आत्यानं शिवला. मग आम्ही काय, एकेचाळीस साली आलो होय?"

"चिंधी तीच आहे."

"चिंधी बघायला मंत्री येत नाहीत, सर." मग ते सौदा जमवणाऱ्या माणसाच्या समजुतीच्या सुरात म्हणाले, "असं करू. खाली एक ओळ घालू. जतन: श्रीमती मथुराबाई. काय? मोठ्या अक्षरात घालू. त्यांचा सत्कार करू स्टेजवर, शाल घालू. सरी ना, चालेल ना?"

जतन. जिने तो केला, तिने तो सांभाळला असे लिहायचे. मी लिहिणारा नसतो तर हा तोडगा मला आवडला असता; तो अगदी माझ्या तळटीपेच्या जातीचा होता. तळटीपेत मी तिला दुरुस्तीवाली केले, हे तिला राखणदार करत होते. आमच्या दोघांच्या भाषेत तिच्यासाठी दहा जागा होत्या, एक सोडून. मला राग आला, आणि तो इतका थंड होता की मला त्यात स्वच्छ दिसत होते: टेबलावरची पुठ्ठ्याची झाडे, प्रणीतच्या मनगटावरचे घड्याळ, माझा स्वतःचा हात त्या नव्या पाटीवर, वृद्ध, नीटनेटका, ज्याने साठाव्या वर्षाकडे जाताना लिहिण्याखेरीज काही केलेले नाही. मी म्हणालो की डगला माझ्या घरचा आहे, मी तो संग्रहाला उसना दिला आहे, आणि माझी पाटी लागणार नसेल तर मी तो परत नेतो.

वाद होईल असे मला वाटले होते. मनातल्या मनात मी वाक्ये जुळवून आलो होतो, काही चांगली होती. रणवीर आणि प्रणीत यांनी एकमेकांकडे पाहिले.

"घेऊन जा, सर," रणवीर म्हणाले. "तुमची वस्तू."

"आपल्याकडे एन्ट्रन्सच्या पुतळ्यासाठी केलेली प्रतिकृती आहे," प्रणीत मला समजावत म्हणाला. "नाटकांचे कपडे शिवतात ना, त्यांच्याकडून करून घेतली. फिनिश खरं तर चांगलं आहे. तीच केसमध्ये ठेवू."

"आणि पाटी?"

"पाटी तीच. मूळ वस्तूची पाटी असते ना, सर. रेप्लिकाला वेगळी लागत नाही."

मी दार लोटून बाहेर आलो. जिन्यात मला हसू आले, आणि या वेळी ते मीच थांबवले. मागच्या महिन्यात शिवलेला डगला सतराव्या शतकातला म्हणून काचेत बसणार होता, कारण तो जिची नक्कल होता ती वस्तू फारच अलीकडची निघाली. नाटकाच्या शिंप्याचे नावही पाटीवर येणार नव्हते. त्याने मात्र पैसे घेतले होते आणि त्याला काही हवे नव्हते. या व्यवहारात शुद्ध असा तेवढा एकच माणूस.

शनिवारी प्लास्टिकच्या पिशवीत घालून डगला मी घरी आणला. रविवारी सकाळी दहाला, म्हणजे उद्घाटनाच्या वेळेला, तो घेऊन अक्काकडे गेलो. मी तिला सर्व सांगितले. लपवण्याजोगे काही उरले नव्हते, आणि गिळलेले तिला कळते. शालीचे ऐकून ती म्हणाली, "शाल काय करायची? उकाडा किती." प्रतिकृतीचे ऐकले आणि तिने डगला मांडीवर घेतला आणि कापऱ्या बोटांनी ओळीओळीवरून चालत गेली, डाव्या टोकाच्या एकेका गाठीपाशी थांबत. एखादी म्हातारी गल्लीतून जाताना प्रत्येक दारात थांबून आत कोण आहे ते पाहते, तसे. मग काखेखाली तिचा हात थबकला.

"हे उसवलंय."

"हो."

"उंदीर नाही हा. पात्यानं कापलंय. कुणी?"

"मी."

ती आत दोन बोटे घालून चाचपू लागली. मला माहीत होते तिला काय सापडणार नाही. मी आणलेल्या धारिकेतून पाकीट काढले. त्यावर माझ्याच वळणदार इंग्रजीत लिहिले होते, नमुना, उर्वरित भाग. प्रयोगशाळेने एक तुकडा जाळला होता, लंडनचा परत आला नव्हता, राहिला होता तो तळहाताएवढ्यातला अंगठ्याच्या नखाएवढा तांबडा चौकोन. तो मी तिच्या तळव्यावर ठेवला. किती बायकांनी तो एका पोटातून काढून दुसऱ्या पोटात घातला असेल, आणि प्रत्येकीने तो काढताना अख्खा काढला असेल. तिने त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. ती मला बोलली असती तर बरे झाले असते.

"एवढाच?"

"एवढाच."

"पुरेल," ती म्हणाली, आणि चिंधी कापसात खोलवर सरकवली. मग यंत्रावरची चादर बाजूला करून तिने खणातून सुई आणि काताच्या रंगाचे रीळ काढले. दोनदा तिने दोरा ओवून पाहिला. हात ऐकेना. तिने सुई माझ्याकडे धरली. मी ओवून तिला परत देऊ लागलो, तर तिने ती घेतली नाही.

"शीव," ती म्हणाली.

"मला येत नाही, अक्का."

"फाडताना येत होतं."

मी खुर्चीवरून उतरून खाली बसलो. डगला माझ्या मांडीवर आला. तो वाटला होता त्याहून पुष्कळ जड होता. मी त्यावर सत्तर पाने लिहिली होती आणि त्याचे वजन ग्रॅममध्ये दिले होते. सुई पहिल्यांदा आत गेली ती कापसातून सरळ माझ्या बोटात. मी टाके घालत राहिलो, एक लांब, एक आखूड, एक तिरपा. खिडकीबाहेर कोणी कन्नडमध्ये भाजीचा भाव घासत होते. राजाजीनगरात आता फीत कापली जात असेल, आणि कोणीतरी माझ्या पुस्तिकेतले वाक्य वाचून दाखवत असेल. मला त्यांचा राग येत होता, माझा येत होता, त्या शब्दाचा येत होता. दोन इंच शिवायला मला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात राग एका टाक्यानेही कमी झाला नाही. तो तसाच, ताणलेल्या दोऱ्यासारखा, कापडातून जात येत राहिला. शेवटी मी दोरा दातांनी तोडला.

अक्काने डगला ओढून घेतला आणि शिवणीवरून बोट फिरवले. बोट शेवटपर्यंत गेले, परत आले आणि उजव्या टोकाला थांबले.

"तुझी गाठ इकडं आलीय," ती म्हणाली. "अख्ख्या डगल्यात एकच."

मी पाहिले. डावीकडे तिच्या शेकडो गाठी होत्या, ओळीत, लहान, घट्ट. उजवीकडे माझी एक, वाटाण्याएवढी.

"वाकडं झालंय. उसवून पुन्हा घालू?"

"नको," अक्का म्हणाली. "असू दे. ज्यानं फाडला, त्याच्या हातचं आहे म्हणून कळू दे."